थोट्या साहेबाचं थडगं

मखमलाबाद, नाशिक
१९ ऑक्टोबर २००३

दीपक,

तुझी पत्रं मिळाली. सगळी मिळाली. उत्तर दिलं नाही ते मुद्दाम दिलं नाही. आजही दिलं नसतं, पण सकाळी शेवंतीला पाणी देता देता तुझ्या आईने पाइप वाफ्यात टाकून दिला आणि म्हणाली, आज लिहिलं नाहीत तर मी सातपूरला सुवर्णाकडे राहायला जाते. लेकीच्या सासरी जाऊन राहणारी ती नाही. पण तिचा चेहरा पाहिला आणि वाटलं, जाईल. म्हणून बसलो.

माझं म्हणणं बदललेलं नाही. तू सासऱ्यांच्या मोटेलवर राहून खोल्यांच्या किल्ल्या दिल्या असत्यास तरी मी एक शब्द बोललो नसतो. आपल्या फौजेने अधिकारी निवडीतून तुला दोनदा परत पाठवलं, त्याचं वाईट मलाही वाटलं होतं. पण म्हणून दुसऱ्याच्या झेंड्याखाली हात वर करून शपथ घ्यायची? एकाहत्तरच्या डिसेंबरात आम्ही पूर्वेला तोफा नदीपार नेत होतो, तेव्हा रेडिओवर सांगितलं की अमेरिकेच्या लढाऊ जहाजांचा काफिला बंगालच्या उपसागराकडे निघालाय. आमच्या तुकडीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. तोच झेंडा आज तुझ्या दंडावर आहे. तू लिहिलंस, वर्दी घालून आरशात पाहिलं तर बाबांसारखा दिसतो. हे वाक्य आईने मला दोनदा वाचून दाखवलं. मी ऐकलं.

आता लिहिण्याजोगी एक गोष्ट घडली आहे ती लिहितो. गेल्या आठवड्यात देवळाली कॅम्पातल्या चर्चच्या फादरांनी माझ्याकडे एक अमेरिकन बाई पाठवली. रूथ पेल नाव. सत्तरी ओलांडलेली, लग्न न केलेली, जन्मभर शाळेत शिकवलं. हातात काठी, पायात पुरुषी बूट. ती एका माणसाचा शोध घेत आली आहे. तिच्या खापरपणजोबांचा भाऊ, एझ्रा पेल. दोनशे वर्षांपूर्वी तो आपल्या मुलखात तोफखान्यावर होता आणि इथेच मेला. नेमका कुठे, कसा, हे त्यांच्या घरात कुणालाच माहीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एवढंच सांगत आले की तो गिरणा नावाच्या नदीकाठी वीरासारखा गेला. फादरांनी तिला सांगितलं, तोफांमधलं कळणारा आणि इंग्रजी बोलणारा पाहिजे तर विधाते सुभेदारांकडे जा.

मी नाही म्हणणार होतो. तुझ्या आईने तिला चहा दिला आणि तिथेच ठरलं.

बाईने सांगितलं ते असं. एझ्राचा बाप पिंपं बनवायचा, समुद्रकाठच्या एका लहानशा गावात. एझ्रा पंधरा वर्षांचा असताना त्यांची इंग्रजांशी लढाई पेटली. तो घरातून पळाला आणि तोफेवर बारूद वाहायला लागला. एका हिवाळ्यात त्यांच्याकडे बूट नव्हते, पायाला चिंध्या गुंडाळून बर्फात उभे राहायचे. त्यात त्याच्या पायाची दोन बोटं झडली. पुढे एक तोफ डागताना फुटली, तिच्यावरची सगळी माणसं गेली, हा एकटा राहिला, डावा कान कायमचा बहिरा झाला. ते इंग्रजांना हरवून मोकळे झाले, तेव्हा हा एकवीस-बावीस वर्षांचा होता. हातात तोफेखेरीज दुसरं काम नाही. गावात राहून पिंपं बनवेना. रात्री ओरडत उठायचा, म्हणून आईने त्याची खाट गोठ्यात टाकली. शेवटी एका व्यापारी जहाजावर चढला, मद्रासला उतरला, आणि जहाज परत निघालं तेव्हा त्यावर तो नव्हता.

त्यांच्याकडची गोष्ट इथे संपते. पुढची आपल्याकडे असली तर असेल. बाईला घेऊन नांदगावच्या बाजूला जाऊन येईन म्हणतो.

आई बरी आहे. तिचं तिने वेगळं लिहिलंय, ते याच पाकिटात घातलं आहे.

गोरक्ष विधाते


मखमलाबाद
२३ नोव्हेंबर २००३

दीपक,

मागच्या पत्राखाली मी पूर्ण नाव लिहिलं, बापाने मुलाला असं लिहायचं असतं का, असं तू विचारलंस. सवय आहे. कागदाखाली सही करायची तर पूर्ण करतो.

आम्ही जाऊन आलो. जीप केली होती. चांदवडचा घाट चढताना बाईने काठी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. नांदगावच्या पुढे गिरणेच्या काठाला बोरगढी म्हणून गाव आहे. पूर्वी तिथे मातीची गढी होती, आता नुसता उंचवटा उरलाय. खाली नदीला उतार आहे, उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून माणसं पलीकडे जातात. गढीच्या मागे, गावाच्या मसणवट्यापासून वेगळं, एक दगडी थडगं आहे. त्याला थोट्या साहेबाचं थडगं म्हणतात.

बाईने विचारलं, थोटा म्हणजे काय. मी सांगितलं, हात तुटलेला. ती म्हणाली, लढाईत तुटला असेल. मी म्हटलं, असेल.

तिथे कुसाबाई म्हणून म्हातारी आहे. ऐंशीच्या पुढची, ताठ, कपाळावर हिरवं गोंदण. दर अमावास्येला ती त्या थडग्यावर दिवा लावते. तिच्या सासूने लावला, सासूच्या सासूने लावला. मी तिला सांगितलं, ही बाई त्या साहेबाच्या घरची आहे. कुसाबाईने रूथबाईला नीट पाहिलं, मग तिला आपल्या बाजेवर बसवलं आणि स्वतः खाली बसली.

मग ती सांगू लागली. मद्रासहून एझ्रा हैदराबादला गेला. निजामाला तोफांवर गोरे लोक पाहिजे होते. तिथे त्याने तोफा डागणारे गोलंदाज तयार केले. खर्ड्याला निजामाची आणि मराठ्यांची मोठी लढाई झाली, त्यात निजाम हरला आणि एझ्रा पकडला गेला. पकडून आणला तेव्हा त्याला विचारलं, तू इंग्रज का? तो म्हणाला, मी लहानपणापासून इंग्रजांवरच तोफा डागत आलोय. पकडणारे हसले म्हणे. त्यांनी त्याला मारलं नाही, होळकरांच्या एका सरदाराच्या तोफखान्यावर पाठवलं. तिथून तो बोरगढीला आला आणि आठ-नऊ वर्षं तिथल्या तोफांवर होता.

हे सगळं त्या गावातल्या माणसांना तोंडपाठ आहे, दीपक. तो कसा बोलायचा तेही. मराठी शिकला, पण बाईमाणसासारखी, कारण शिकवलं त्याच्या बायकोने. "मी गेले, मी आले" म्हणायचा आणि गोलंदाज पोटभर हसायचे. बायकोचं नाव चंद्रभागा. नदीवर नाव चालवणाऱ्याची मुलगी. तिचा धाकटा भाऊ लहानू, तोही नावेवर. साहेब तोफ उताराकडे लावून रोज संध्याकाळी लहानूबरोबर पाण्यात पाय सोडून बसायचा. त्याची दोन बोटं नसलेला पाय पाहायला पोरं यायची. एक मुलगी झाली. कुसाबाई त्या मुलीच्या वंशात सून म्हणून आलेली.

इथपर्यंत मी भराभर इंग्रजीत सांगत गेलो आणि रूथबाईच्या चेहऱ्यावर असं काही आलं की काय सांगू. तिला वाटलं, माणूस सुखात होता.

मग तिने विचारलं, मेला कसा?

कुसाबाई उठली. म्हणाली, "ते आता नाय. ज्येंची मानसं मेली त्येंच्या घरी इचारल्याबिगर म्या नाय सांगनार. तिला पुन्यांदा आना."

मी म्हटलं, आजी, दोनशे वर्षं झाली.

ती म्हणाली, "घरं तीच हायेत."

रूथबाईने परतीचं तिकीट पुढे ढकललं आहे. कॉलेज रोडला एका कुटुंबाकडे खोली घेऊन राहते. तुझी आई तिला भाकरी थापायला शिकवते. भाकरी गोल होत नाही.

तुमच्याकडे थंडी किती पडते ते लिही. वाळवंटात रात्री फार पडते असं ऐकलं आहे. आत घालायचा स्वेटर आईने विणलाय, तो पाठवू दिला जातो का ते कळव.

गोरक्ष विधाते


मखमलाबाद
११ जानेवारी २००४

दीपक,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी ते गच्चीवर नेऊन वाचलं. आईला पहिलं पान आणि शेवटचं पान वाचून दाखवलं. मधलं पान माझ्या कपाटात आहे.

तू लिहिलंस की तुम्ही रस्ता अडवून उभे होता आणि गाडी थांबली नाही. हात दाखवला, हवेत गोळी झाडली, तरी थांबली नाही. मग तुला हुकूम मिळाला आणि तू मशीनगन चालवलीस. गाडीत बाप होता आणि दोन मुली. बारूद नव्हती. ब्रेक नीट लागत नव्हते असं नंतर कुणीतरी म्हणालं. तुझ्या वरिष्ठांनी सांगितलं की तू नियमाप्रमाणे केलंस, आणि तुला दोन दिवस विश्रांती दिली.

तू नियमाप्रमाणेच केलंस. मी तिथे असतो तर मीही तोच हुकूम दिला असता. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही, तू मला ओळखतोस.

तू विचारलं आहेस, बाबा, एकाहत्तरला तुमच्या गोळ्यांखाली कोण आलं ते तुम्हाला माहीत आहे का? नाही. आमचा गोळा नऊ-दहा मैलांवर पडायचा. वायरलेसवर आवाज यायचा, थोडं उजवीकडे, थोडं पुढे, बरोबर, आता असाच चालू द्या. आम्ही तसाच चालू द्यायचो. मग मेडल मिळालं. ते भिंतीवर आहे, तू लहानपणी ते छातीला लावून फिरायचास. पुढे आमच्या तोफा त्याच रस्त्याने गेल्या, पण रात्री गेल्या. गाडीच्या हौद्यावर ताडपत्री होती. मी ती वर केली नाही.

तुझा दुसरा प्रश्न, असं झाल्यावर माणसाने पुढे काय करायचं. जेवत जा. बंदूक रोज साफ करतोस तशी दाढी रोज कर. एकटा बसू नकोस. तुझ्या तुकडीत जो कुणी मोठा, शहाणा असेल त्याच्याजवळ बस.

स्नेहलला सांगितलंस का? बायकोला सांगावं की नाही, मला कळत नाही. मी तुझ्या आईला फौजेतलं कधी काही सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात रूथबाईला घेऊन पुन्हा बोरगढीला जायचं आहे. कुसाबाईचा निरोप आलाय की घरं हो म्हणाली.

बाबा


मखमलाबाद
७ मार्च २००४

दीपक,

हे पत्र लांबणार आहे. तुला रात्रपाळी असेल तर नंतर वाच.

आम्ही गेलो तेव्हा कुसाबाईच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं बसलेली होती. म्हातारे, एक-दोन तरुण, बायका दाराशी. ही त्या घरांची माणसं. कुसाबाई सांगणार आणि ते ऐकणार, तिने काही कमी-जास्त केलं तर बोलणार. मला गोऱ्या बाईच्या शेजारी बसवलं. सांगायच्या आधी कुसाबाई मला म्हणाली, "तुमी मधी काय खाऊ नका. म्या बोलंल तेवढं समदं तिला सांगा." मी हो म्हटलं.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. दोन पावसाळे कोरडे गेलेले. माणसं गवताचं बी दळून खात होती. त्यात होळकरांची इंग्रजांशी लढाई जुंपली आणि कंपनीची फौज दक्षिणेकडून वर सरकू लागली. होळकरांच्या नोकरीत गोरे अधिकारी होते, त्यातले इंग्रज म्हणाले, आम्ही आमच्या माणसांवर शस्त्र धरणार नाही. त्यांची मुंडकी उडवली. ही बातमी बोरगढीला आली तेव्हा किल्लेदाराने एझ्राला बोलावलं. किल्लेदाराचं नाव गावात घेत नाहीत, मीही विचारलं नाही. त्याने विचारलं, तुझं काय? एझ्रा म्हणाला, ते इंग्रज होते, मी नाही, माझ्या तोफा समोर येईल त्याच्यावर उडतील. किल्लेदार खूश झाला. इंग्रजांनी जाहीर केलं होतं की त्यांच्या राजाची जी गोरी प्रजा होळकरांकडे आहे तिने निघून यावं, अभय आहे. एझ्राला तेही कुणी वाचून दाखवलं. तो म्हणाला, मी राजाची प्रजा राहू नये म्हणूनच माझ्या पायाची बोटं गेलीत.

रूथबाई इथे पहिल्यांदा हसली. ओट्यावरचं कुणी हसलं नाही.

भाद्रपद महिना होता. नदीला पाणी थोडंच होतं. पलीकडच्या गावांतून माणसं निघाली, बोरगढीच्या कोठारात धान्य आहे म्हणून. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलेलं. ती उताराला लागली आणि त्यांच्या मागून धुरळ्यात कंपनीचे घोडेस्वार दिसले. किल्लेदाराने बुरुजावरून पाहिलं. त्याला वाटलं, स्वार माणसांच्या आडून येतायत, माणसं आत घेतली की पाठोपाठ दरवाजात घुसतील. त्याने हुकूम दिला, उडव.

एझ्रा म्हणाला, गावची माणसं आहेत. किल्लेदार म्हणाला, त्यांच्या मागे बघ. एझ्राने मागचे स्वार पाहिले.

कुसाबाई म्हणाली, "आन त्येनं उडवली."

तोफेत छर्रे भरलेले होते. मी गोलंदाज आहे, मला माहीत आहे तेवढ्या अंतरावर छर्रा काय करतो. मी ते रूथबाईला शब्दाला शब्द सांगितलं. उतारावर लहानू नाव घेऊन म्हाताऱ्या माणसांना अलीकडे आणत होता. चंद्रभागा गढीच्या तटावर उभी होती. तिने भावाची नाव पाहिली आणि मग नाव दिसेना.

घोडेस्वार तर केव्हाच मागे वळले होते. ते नुसते टेहळणीला आलेले.

किल्लेदार म्हणाला, पुन्हा भर. पाण्यात माणसं अजून होती, काही अलीकडे यायला बघत होती, काही मागे पळत होती. एझ्राने तोफ भरू दिली नाही. तोफेला मागच्या बाजूला बत्ती द्यायचं बारीक भोक असतं. त्याने एक लोखंडी खिळा घेतला, त्या भोकात धरला आणि हातोड्याने ठोकून वरून मोडला. मग दुसऱ्या तोफेकडे गेला, तिलाही ठोकला. गोलंदाज बघत उभे राहिले, कुणी त्याला धरलं नाही. गढीतल्या दोन्ही तोफा मेल्या.

किल्लेदाराने त्याला तिथेच तोफेवर आडवा धरायला लावून उजवा हात मनगटापासून तोडला. जीव घेणार होता, पण त्याच रात्री तो स्वतःच गढी सोडून पळाला. दोन दिवसांनी कंपनीची फौज आली आणि गोळी न झाडता आत गेली. त्यांच्या कप्तानाने एझ्राला पाहिलं. तापाने फणफणलेला गोरा माणूस. त्याने सांगितलं, आम्ही तुला मुंबईला नेतो, डॉक्टर आहे, बरा झालास की जहाजावर बसवून देतो. चंद्रभागा दाराशी उभी होती. एझ्रा म्हणाला, मी इथली.

तो मरेपर्यंत तसंच बोलायचा, दीपक. बाईमाणसासारखं.

पुढची अकरा वर्षं तो त्या गावात राहिला. चंद्रभागेने त्याचा हात कडुनिंबाच्या पाण्याने धुतला, जखम भरेपर्यंत रोज. जेवायला वाढलं. पण ती त्याच्याशी बोलली नाही. त्या दिवसापासून एक शब्द नाही. ज्यांची माणसं गेली ती घरं दोन्ही काठांना होती. एझ्राने खांद्याला कावड घेतली आणि त्या घरांना नदीचं पाणी भरायला लागला. पहिली काही वर्षं त्याने ओतलेलं पाणी बायका त्याच्यासमोर उकिरड्यावर सांडायच्या. तो रिकामी कावड घेऊन पुन्हा नदीवर जायचा. पुढे काहींनी सांडायचं सोडलं. काहींनी शेवटपर्यंत सोडलं नाही. माफ केलं असं कुणी म्हणालं नाही, आणि त्यानेही माफी मागितली नाही. पोरं त्याला थोट्या म्हणायची, तो ओ द्यायचा.

मेला तेव्हा खांदा द्यायला कुणी आलं नाही. चंद्रभागा एकटीच कुदळ घेऊन गढीमागे गेली आणि खणू लागली. जमीन मुरमाड आहे. दुपारी एक म्हातारा फावडं घेऊन आला. उतारावर त्याचा मुलगा आणि सून गेली होती. तो दुसऱ्या बाजूने खणायला लागला.

सांगून झालं. रूथबाईने मला विचारलं, तुम्ही काही गाळलं तर नाही? मी म्हटलं, नाही. तिच्या घरात तो वीर होता. मग ती म्हणाली, त्यांना विचारा, पाण्यात कोण कोण गेलं, नावं माहीत आहेत का.

माहीत होती. एकेका घरचा माणूस बोलत गेला आणि ती एकेक नाव तिच्या उच्चारात परत म्हणत गेली. चुकलं की ते पुन्हा सांगायचे. ती पुन्हा म्हणायची.

तू विचारलं होतंस म्हणून लिहिलं. हा एक माणूस असं झाल्यावर अकरा वर्षं जगला, एवढं मला माहीत आहे. तू पण जग.

बाबा


मखमलाबाद
५ सप्टेंबर २००४

दीपक,

स्नेहलचा फोन आला. तू सुखरूप परत आलास तेव्हा तुझ्या आईने मारुतीला गलांड्याचा हार घातला होता, आणि आता हे. तुमच्या तुकडीला पुन्हा पाठवतायत आणि तू जाणार नाहीस. तू लेखी दिलंस की मी दुसऱ्यांदा मशीनगन चालवणार नाही. ती म्हणाली, तू माझ्या पत्राचं नाव घेतलंस.

मी ती गोष्ट त्यासाठी सांगितली नव्हती. तू जिवंत राहावास म्हणून सांगितली होती. तिचा असा अर्थ लावायला मी तुला सांगितलेलं नाही.

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी एकही हुकूम मोडला नाही. हुकूम मोडणारा माणूस मी माझ्या तोफेवर एक दिवस ठेवला नसता. शपथ तुझ्यावर कुणी लादली नव्हती. मी नको म्हणत होतो तेव्हा तू स्वतः जाऊन घेतलीस. घेतलीस तर पाळ. तुझ्या जागी जो पोरगा जाईल त्याच्या आईचा विचार केलास का?

तुला तुरुंगात टाकतील. तुझं नाव कायमचं खराब होईल. तिथे नोकरी मिळणार नाही, इथे मान मिळणार नाही. अजून वेळ आहे. वरिष्ठांकडे जा आणि शब्द मागे घे.

गोरक्ष विधाते


मखमलाबाद
६ फेब्रुवारी २००५

दीपक,

तुझा तुरुंगाचा पत्ता स्नेहलने दिला. कैद्याचा नंबर लिहिल्याशिवाय पत्र आत जात नाही म्हणे. पाकिटावर तुझ्या नावापुढे तो नंबर लिहिला आहे.

एक वर्ष दिलं असं कळलं. चांगल्या वागणुकीवर थोडं कमी होईल.

सप्टेंबरनंतर मी लिहिलं नाही आणि तूही लिहिलं नाहीस. आईशी तू फोनवर बोलायचास तेव्हा मी मळ्यात जायचो. ती फोन ठेवून बाहेर यायची आणि काही न सांगता कामाला लागायची. दिवाळीत एकदा मी तिला कपाटातलं ते पान दिलं. गाडीचं. तिने दाराच्या उंबऱ्यावर बसून वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी पान गाळलंत हे मला तेव्हाच कळलं होतं. पोरगं पानांवर नंबर घालतं. एक आणि तीन वाचलीत." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तो आता कुणाला मारत नाही ना? मग तुरुंगात असू द्या."

एवढं सोपं मला वाटत नाही. अजूनही नाही. हुकूम ज्याला पटेल त्याने पाळायचा असं म्हटलं तर फौज एक दिवस चालणार नाही, आणि फौज नसली तर काय होतं ते मी सीमेवर पाहिलं आहे. पण बोरगढीच्या त्या गोलंदाजांचा मी फार विचार केला. त्यांच्या साहेबाने खिळा ठोकला तेव्हा ते धावत येऊन त्याला धरू शकले असते. त्यांनी धरलं नाही. त्यांच्यात मी असतो तर धरलं असतं का, याचं उत्तर पूर्वी मी झटकन दिलं असतं. आता देता येत नाही.

रूथबाई मे महिन्यातच गेली. जाण्याआधी तिने बोरगढीला आणखी एक फेरी मारली. थडग्यावर नावाचा दगड बसवावा असं तिला वाटत होतं, पण घरं नको म्हणाली, आणि तिने ऐकलं. गेल्या महिन्यात तिचं कार्ड आलं. तिला तुझं कळलं आहे, मीच कळवलं होतं. तिच्या गावापासून तुझा तुरुंग फार लांब आहे, तरी बसने येऊन भेटेन म्हणते. आली तर नीट बोल. तिची भाकरी आता गोल होते असं तिने लिहिलं आहे, ते मला खरं वाटत नाही.

आता मुख्य सांगायचं. पंधरा जानेवारीला सेना दिवसाला माजी सैनिकांचं जेवण होतं. मी गेलो. आमच्या रेजिमेंटचे जुने कर्नलसाहेब पुण्याहून आले होते, त्यांच्या शेजारीच बसवलं. सगळ्यांच्या मुलांची चौकशी चालली होती. कुणाचा मेजर झाला, कुणाचा बंगलोरला कंपनीत. त्यांनी मला विचारलं, विधाते, तुमचा मुलगा अमेरिकेत ना, काय करतो?

मी पूर्वी अशा वेळी विषय बदलायचो. या वेळी मी म्हटलं, "साहेब, तो तिकडच्या फौजेत होता. हुकूम मोडला. तुरुंगात आहे."

साहेबांनी हातातला पेला खाली ठेवला. मला वाटलं उठून जातील. त्यांनी विचारलं, कसला हुकूम? मी सांगितलं. गाडीपासून सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. बोरगढीचं सांगितलं नाही, ते त्या घरांचं आहे. साहेबांनी ऐकून घेतलं. बरं केलं किंवा वाईट केलं असं काही म्हणाले नाहीत. वाढपी आला तेव्हा त्यांनी त्याला माझ्या पानाकडे बोट दाखवून सांगितलं, इनको रोटी दो. मग आम्ही जेवलो. बाकीच्यांपैकी दोघं जण निघताना माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचे मुलगे फौजेत आहेत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

सुटलास की स्नेहलबरोबर तिथेच राहायचं की इकडे यायचं, ते तुम्ही दोघं ठरवा. रात्री झोपत नाहीस असं तिने सांगितलं, आईला अजून माहीत नाही. आलास तर मागच्या खोलीत पलंग टाकू, तिकडून मळ्यात थेट बाहेर पडता येतं. रात्री उठून फिरलास तरी कुणाची झोप मोडणार नाही. मोडली तरी चालेल.

इथे लोक विचारतील. बाजारात, लग्नात, सातपूरला सुवर्णाच्या घरी, सगळीकडे विचारतील. सुरुवातीला तू काही बोलू नकोस. मी सांगत जाईन. मला सांगायची सवय होते आहे.

तुझा बाबा